पायपर अल्फा : परमिट होतं, कुलूप नव्हतं

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात ऑक्सिडेंटल कंपनीचा पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म उभा होता. ६ जुलै १९८८ च्या रात्री त्यावर २२६ माणसं होती.

सकाळ : कंडेन्सेट, म्हणजे वायूतून निघणारं हलकं इंधन, पुढे ढकलणारे दोन पंप. त्यातला ‘ए’ बंद करून वीज तोडली. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला आणि उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी झाकणपट्टी, लावली. पंपाची मोठी दुरुस्तीही ठरलेली होती. कामं दोन, म्हणून परमिटं, म्हणजे कामाचे लेखी परवाने, तेही दोन.

सायंकाळी ६ : पाळी बदलली. व्हॉल्व्ह परत चढवायला क्रेन मिळेना; काम उद्यावर गेलं. व्हॉल्व्हचं परमिट कंट्रोल रूममध्ये पोचलं, पण रात्रपाळीला तोंडी कुणी काही सांगितलं नाही.

रात्री ९.४५ : ‘बी’ पंप बंद पडला, काही केल्या सुरू होईना. आता उत्पादनच ठप्प होणार. शोधाशोध केल्यावर रात्रपाळीच्या हाती मोठ्या दुरुस्तीचं परमिट लागलं. ते काम तर अजून सुरूच झालेलं नव्हतं. मग ‘ए’ चालवायला हरकत काय? व्हॉल्व्हचं परमिट त्यांच्या नजरेला पडलंच नाही. फ्लँजही पंपापासून दूर, उंचावर. पंपाजवळून दिसणं अवघड. या माणसांना बेफिकीर ठरवणं मला पटत नाही. कागद पाहूनच ते पुढे गेले होते.

९.५५ च्या सुमारास : ‘ए’ला वीज जोडली. लाइनमध्ये दाब आला. फ्लँजचे बोल्ट बहुधा नुसते हातानं आवळलेले होते, असं पुढे चौकशीत निघालं. वायूगळतीचे अलार्म वाजू लागले.

१०.०० : पहिला स्फोट. पाणबुडे समुद्रात उतरत असल्यानं, ते आत ओढले जाऊ नयेत म्हणून, आग विझवायचे पंप मॅन्युअलवर ठेवलेले. ते सुरू करायला तिथवर कुणी पोचू शकलं नाही.

१०.२० : टार्टन प्लॅटफॉर्मकडून येणारी वायुवाहिनी फुटली. आणि संताप यावा अशी गोष्ट : पायपर पेटलेला असताना टार्टन आणि क्लेमोर हे शेजारी तेल ढकलतच होते.

१०.५० ला दुसरी वाहिनी गेली, ११.२० ला तिसरी. मध्यरात्रीच्या आत निवासी भाग माणसांसकट समुद्रात कोसळला.

मृत १६७, त्यात बचावाला आलेले दोघे. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी आहेत. परमिटसोबत आयसोलेशनच्या, म्हणजे यंत्र लाइनपासून तोडणाऱ्या, व्हॉल्व्हला कुलूप आणि टॅग लावावा, ही त्यातलीच एक.