दंडाच्या बळावर वळणाऱ्या मोटारी

श्रोतेहो, एसटीची जुनी गाडी घाटाच्या वळणाला आली, की ड्रायव्हर आसनावरून अर्धवट उठून स्टिअरिंगवर सारा भार कसा टाकी, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अमेरिकेतल्या १९२० ते १९४० या काळातल्या बड्या श्रीमंती मोटारींची कथा याहून फारशी निराळी नव्हती. आत मऊ गाद्या, बाहेर आरशासारखी झळाळी; पण वजन दोन-अडीच टन, आणि ते वळवायचे केवळ माणसाच्या दंडाने!

म्हणून तर स्टिअरिंगचे चाक परातीएवढे मोठे असे. पहार जितकी लांब, तितका धोंडा सहज उलथतो, तोच न्याय इथे. शिवाय आतल्या दात्यांची योजना अशी, की चाकाला बरेच फेरे द्यावे तेव्हा गाडी थोडी वळे. त्यात १९२३ च्या सुमारास कमी हवेचे, मऊ टायर आले. बसणाऱ्याला सुख झाले; मात्र टायर रस्त्याला अधिक चिकटू लागला आणि हाकणाऱ्याचे कष्ट वाढले. भरलेली बैलगाडी जागच्या जागी वळवू नये, चालती करून मग वळवावी, हे तुम्हांला सांगायला नकोच. या मोटारींचेही तसेच. आणखी एक पथ्य असे: अंगठे चाकाच्या कडेवर ठेवायचे, आत अडकवायचे नाहीत. पुढचे चाक खड्ड्यात आदळले तर स्टिअरिंग असा हिसडा देई, की अंगठा मोडायचा.

यावर उपाय शोधला फ्रान्सिस डेव्हिस याने. पिअर्स-अ‍ॅरो कारखान्याच्या मालमोटारींच्या विभागात तो इंजिनिअर होता. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला छोटी कर्मशाळा थाटली. तेलाच्या दाबाने चाके वळवायची, ही कल्पना; पण दाब सतत कोंडून ठेवला तर तेल गळते. त्याची खरी हुशारी इथे दिसते. त्याने झडप एरवी उघडीच ठेवली. तेल आपले फिरत राही. ड्रायव्हरने चाक जरासे फिरवले, की वाट अडे, दाब चढे आणि दट्ट्या चाकांना रेटी. १९२६ साली अशी गाडी रस्त्यावर धावली सुद्धा.

जनरल मोटर्सने करार केला खरा. पण १९३४ साली, ऐन मंदीत, खर्चाचा हिशेब मांडून बेत सोडून दिला. मालकाला त्याचे काय? बड्या गाड्यांचे बहुतेक मालक मागे बसत. दंड दुखत ते पगारी शोफरचे. मला तर खरे कारण हेच वाटते.

पुढे दुसरे महायुद्ध आले. चिलखती गाड्या नुसत्या हातांनी वळेनात, तेव्हा तीच युक्ती हजारो गाड्यांना बसवावी लागली. क्रायस्लरने १९५१ साली इम्पीरियल मोटारीत ती प्रथम विक्रीला आणली, तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. मग जनरल मोटर्सलाही त्याची आठवण झाली आणि १९५२ च्या कॅडिलॅकला ती सोय मिळाली. डेव्हिस तेव्हा पासष्टीच्या घरात होता.