चार चौकटींचा हिशोब

भारतात जायची तिकिटं काढली की आपल्या पालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: येताना मुलांसाठी मराठी काय वाचायला आणू? मग श्यामची आई, फास्टर फेणे, गोट्या अशी यादी सुरू होते. पुस्तकं बॅगेत येतात आणि इथं कपाटात जाऊन बसतात. माझं मत वेगळं आहे. चिंटू आणा. का ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

आधी आपली अडचण नीट मांडते. सिंगापूरच्या शाळांत भारतीय मुलांना मातृभाषा म्हणून तमिळ घेता येते, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी नाही. त्यामुळे आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात. म्हणजे देवनागरी येते, पण मराठी वाचायची सवय नाही. ‘ळ’ दिसला की गाडी अडते. अशा मुलाच्या हातात दोनशे पानांचं पुस्तक दिलं तर ते तिसऱ्या पानावर मिटतं. दोष मुलाचा नाही आणि पुस्तकाचाही नाही, माप चुकतंय.

चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. वीणा, हुडुक आणि टाळेच्या साथीत चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गात गात गोष्ट पुढं नेतो. सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता, देवळांत जागर होते, रात्र मोकळी होती. पुढं आश्रय गेला आणि पोथ्या विकल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलात तर ती चित्रं जरूर बघा. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या प्रकारात गोष्टीची लांबी ठरवायला ऐकणारे समोर बसलेले असत. रंगली तर वाढवा, जांभया आल्या तर आवरा.

वर्तमानपत्रात तसं नसतं. तिथं जागेला भाव असतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं: जाहिरात पैसे आणते, चित्र पैसे खातं. म्हणून चित्रमालिका लहान झाली, कलाकारांना हौस होती म्हणून नव्हे. अमेरिकेत २ ऑक्टोबर १९५० ला चार्ल्स शुल्झची ‘पीनट्स’ सुरू झाली, ती जागा वाचवणारी मालिका म्हणूनच विकली गेली. चारही चौकटी एकसारख्या, म्हणजे संपादकाने त्या आडव्या लावाव्यात, उभ्या लावाव्यात की दोनावर दोन रचाव्यात, त्याची सोय. स्नूपीच्या पेन्सिली आणि डबे आपण सगळ्यांनीच विकत घेतलेत, पण त्याच्या जन्मामागे रिकामा कोपरा भरायचा हिशोब होता! जपानमध्ये त्याआधीच, १९४६ साली, माचिको हासेगावा या सव्वीस वर्षांच्या बाईनं ‘साझाए-सान’ सुरू केली. युद्धानंतरचं टंचाईतलं घर, एक धांदरट गृहिणी आणि चार चौकटी. चार चौकटींचा तिकडचा एक ठरलेला साचाही आहे: सुरुवात, पुढचं पाऊल, कलाटणी, शेवट. ही मालिका १९७४ पर्यंत चालली.

आपल्याकडे थोडक्यात चित्र मांडण्याची शाळा घातली ती शि. द. फडणीसांनी. १९२५ सालचा जन्म, तोही बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ची त्यांची मुखपृष्ठं घराघरांत पोचली. तरुणाच्या शर्टावर उंदीर आणि शेजारी उभ्या तरुणीच्या साडीवर मांजरं, हे चित्र आठवत असेलच. एक शब्द नाही, पण गोष्ट पूर्ण. एकाच चित्रात ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही असतं, मधलं आपण भरतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती. आकड्यांची भीती कमी व्हायला माझ्यासारख्या कित्येकींना त्यांचा हातभार लागला असणार.

मग आला ऐंशीच्या दशकातला ‘टिंकल’. मुंबईच्या राम वाईरकरांनी सुपंडी रेखाटला, वसंत हळबे यांनी डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू. दोन-तीन पानांत गोष्ट खलास. मजा इतकीच की मराठी हातांनी काढलेली ही पात्रं आपल्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजीतून भेटली.

मराठी घरातला, मराठीतच भांडणारा मुलगा रोज सकाळी यायला १९९१ उजाडावं लागलं. २१ नोव्हेंबरला पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये चिंटू पहिल्यांदा आला. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित अशी ही जोडी, आणि रेखाटन पंडितांचं. वाडेकर आता नाहीत. वर्षाला साडेतीनशे अंक धरले तरी दहा वर्षांत साडेतीन हजार शेवट होतात. प्रत्येक शेवटाला हसू यायला हवं, आणि उद्या परत कोरा कागद! चिंटू मात्र मोठा होत नाही. आई, पप्पा, आजोबा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू, सतीशदादा. एवढ्या माणसांत सगळा संसार. यात राजाराणी नाहीत, राक्षस नाहीत. गृहपाठ टाळणं, शेजारची काच, आईनं लपवलेला लाडू, पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडणारा प्रश्न, एवढंच. चिंटूचं जग पांढरपेशं आहे, पुणेरी आहे आणि बरंचसं गुळगुळीतही आहे. गरिबी, जात, घरातली खरी भांडणं त्या चौकटीत शिरत नाहीत. हे मला खटकतं. पण त्या जगातली भाषा खरी आहे. मूल जसं बोलतं तशीच.

आता चौकट मोजा. एका चौकटीत किती शब्द? पाच, सात, फार तर दहा. पूर्ण मालिकेत पंचवीस-तीस. हिंदीतून देवनागरी आलेल्या मुलाला हे झेपतं. अडलेला शब्द शेजारचं चित्र सांगतं. आणि ‘ळ’? ‘बगळ्या’ हे नाव वीसदा वाचलं की ‘ळ’ आपोआप जिभेवर बसतो, वेगळा वर्ग लावावा लागत नाही. शिवाय शेवटच्या चौकटीत हसू आलं नाही तर मूलच विचारतं, ‘यात जोक काय आहे?’ मग ‘शेपूट घालणं’ म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्या दोन मिनिटांत जितकं मराठी होतं तितकं शनिवारच्या तासाभरात होत नाही, असा माझा अनुभव.

आज हा खेळ कागदावरून मोबाइलवर आलाय. मी चांगी बिझनेस पार्कात काम करते. सकाळी एक्स्पो स्टेशनपर्यंतच्या गाडीत निम्मे लोक अंगठ्यानं कोरियन वेबटून खाली सरकवत असतात. तिथं पानच नाही, एक लांब पट्टी आहे. दोन चौकटींमध्ये किती पांढरी जागा सोडली यावर वाचणारा किती वेळ थांबणार ते ठरतं. इन्स्टाग्रामवर २०१७ पासून एका पोस्टमध्ये दहा चित्रं टाकता येऊ लागली, तर चित्रकारांनी प्रत्येक चौकटीला स्वतःचं पान दिलं आणि कलाटणी पुढच्या स्वाइपमागे लपवली. पिंगुळीतला माणूस पुढचं चित्र उचलण्याआधी थांबतो, तसंच की हे. स्कॉट मक्लाउड या अमेरिकन चित्रकारानं तर १९९० मध्ये पैज काढली होती: चोवीस तासांत चोवीस पानांची कॉमिक. आता जगभर दरवर्षी त्याचा एक दिवसच असतो.

तेव्हा पुण्याला जाणाऱ्यांनी चिंटूची ती आडवी, पातळ पुस्तकं घ्या. पाच-सहा घेतली तरी वजन नगण्य. घरी आल्यावर एकदम सगळी देऊ नका, जेवणाच्या टेबलावर एकच ठेवा आणि काही बोलू नका. थोड्या दिवसांनी कोरा कागद चार घड्या घालून मुलांसमोर सरकवा. आमच्याकडे पहिल्या तीन चौकटींत ‘आई’ ओरडत होती, चौथीत तिचा मोबाइल वाजत होता. शुद्धलेखन मी तपासलं नाही.

कोणाच्या माहेरी नव्वदच्या दशकातली वहीत चिकटवलेली कात्रणं असतील तर खाली सांगा. या डिसेंबरात मी पुण्याला आहे, येऊन फोटो काढून नेईन.