‘चारित्र्य’ या शब्दाचे चरित्र

महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या शब्दापुढे ‘चांगली’ असे लिहून आम्ही मोकळे होतो. विद्यार्थ्याचा चेहराही त्या वेळी डोळ्यांसमोर नसतो. आपल्याकडे हा शब्द असा निरुपद्रवी झाला आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘चारित्र्य’ या त्याच्याच भावंडाने अनेकांसाठी दार लावून घेतले. शब्दांशी व्यवहार करणाऱ्या आपण सर्वांनी तो इतिहास जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील निकष सरळ होता : नेमलेल्या विषयांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि आत यावे. १९०५ साली हार्वर्डने प्रवेश परीक्षा मंडळाच्या सामायिक परीक्षा स्वीकारल्या आणि सरकारी शाळांतील मुलांची वाट सुकर झाली. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले पुष्कळ होती. १९०० साली सुमारे ७ टक्के असलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९२२ पर्यंत २१ टक्क्यांवर गेले.

अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना ही वाढ खुपली. १९२२ साली त्यांनी या संख्येला मर्यादा घालण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे नाव, इतकेच नव्हे तर स्वतःचे वा वडिलांचे नाव बदलले आहे काय, असे प्रश्न आले. गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड मर्यादा नाकारली. मग भाषा बदलली. १९२६ साली पहिल्या वर्षाच्या जागा १००० वर बांधल्या गेल्या. गुणांबरोबर चारित्र्य व व्यक्तिमत्त्व पाहायचे ठरले. अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. ‘ज्यू’ हा शब्द उच्चारण्याची गरजच उरली नाही. पुढील काही वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरले.

हेच साधन पुढे उलट दिशेनेही वापरले गेले. १९७८ च्या बाके खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डच्या निवडपद्धतीचा आदर्श म्हणून दाखला दिला, कारण समग्र व्यक्ती पाहण्याच्या त्या रीतीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्थान मिळत होते. २०२३ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डची वंशविचारी निवड अवैध ठरवली. आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी दिले जातात, असा फिर्यादींचा आक्षेप होता. शंभर वर्षांनी वाद पुन्हा त्याच शब्दापाशी आला.

आपल्या गुणवत्ता यादीत पाव टक्क्याने मुले मागे राहतात. तिला माणूस दिसत नाही, अशी तक्रार आम्हीही अनेकदा केली आहे. पण माणूस पाहायचा, तर पाहणारा कोण हेही विचारावे लागते. मुलाखतीच्या टेबलापाशी बसलो, की सफाईदार प्रमाणभाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या हातून नकळत दोन गुण अधिक पडतात. ते त्याच्या बुद्धीचे की त्याच्या घराचे, याचे उत्तर आम्ही अजून स्वतःला दिलेले नाही.