ओलाव्याचा बंदोबस्त : कोळ्याच्या काचपेटीचा पूर्वेतिहास

टॅरंटुला या थोराड, केसाळ कोळ्याला घरी काचपेटीत पाळण्याचा जो रिवाज विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत रूढ झाला, त्याचा इतिहास मुख्यत्वे ओलाव्याच्या बंदोबस्ताचा इतिहास आहे. कारण हा प्राणी महिनोन्‌महिने निराहार राहू शकतो, परंतु पाण्याच्या बाबतीत पालकाकडून झालेली हयगय, मग ती अभावाची असो वा अतिरेकाची, त्याच्या जिवावर बेतते. या रिवाजाची वंशावळ शोधू गेल्यास मला तिचे दोन मूळपुरुष दिसतात: एक वनस्पतींचा उपासक आणि दुसरा कीटकांचा.

पूर्व लंडनमधील वेलक्लोज स्क्वेअर येथे वैद्यकी करणारे नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 मध्ये एका पतंगाचा कोष, त्यातून पतंग कसा बाहेर येतो हे पाहावे या हेतूने, रुंद तोंडाच्या बाटलीत कुजलेल्या पानांच्या ओलसर मातीत पुरला आणि बाटलीवर झाकण घातले. दिवसा मातीतील ओलावा वाफेच्या रूपाने वर चढतो, काचेवर थेंब होऊन साचतो आणि पुन्हा मातीतच परततो, हे त्यांनी पाहिले; आणि काही दिवसांतच त्या मातीत एक नेचा व थोडे गवत उगवून आले. लंडनच्या धुरकट हवेत जी झाडे तग धरीत नसत, ती या बंदिस्त बाटलीत जवळजवळ चार वर्षे जगली. 1833 मध्ये अशा काचपेट्यांतून पाठवलेली रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, 1842 मध्ये वॉर्ड यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणली तीही याच पेट्यांतून. मात्र मूळच्या बाटलीचा शेवट कसा झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. वॉर्ड परगावी असताना तिचे झाकण गंजले, पावसाचे पाणी बेसुमार आत शिरले आणि आतील झाडे नष्ट झाली.

दुसरे मूळपुरुष म्हणजे दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ या खेड्यात 1879 पासून राहिलेले झाँ-आंरी फाब्र. त्यांनी अभ्यासिलेला नार्बोनचा लायकोसा हा टॅरंटुला म्हणून ओळखला जात असला तरी आजच्या केसाळ टॅरंटुलांहून तो वेगळ्या कुळातला; परंतु बिळात राहण्याची त्याची वृत्ती तीच. त्याला घरात ठेवण्यासाठी फाब्र यांनी केलेली तजवीज मुद्दाम जवळून पाहण्याजोगी आहे. मातीच्या पसरट भांड्याच्या मध्यभागी कोळ्याच्या बिळाएवढ्या जाडीचे बोरूचे कांडे उभे धरावे, सभोवती बारीक खड्यांची तांबडी चिकणमाती बेताने ओलवून थराथराने ठासावी, भांडे काठोकाठ भरले की कांडे हळूच उपसून घ्यावे, म्हणजे कोळ्याला तयार बीळ मिळते. आणि वर झाकण घालावे ते काचेचे नव्हे, तर तारेच्या जाळीचे. ओल मातीत राहिली, वारा वरून खेळता राहिला.

ही मांडणी आजच्या टॅरंटुलाच्याही शरीररचनेला इतकी अनुकूल का, हे शरीरशास्त्र सांगते. टॅरंटुलाच्या उदराच्या खालच्या बाजूस फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. त्यांची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असून त्या नाजूक पानांवरून शरीरातील पाण्याची वाफ सतत होत असते, तर अंगावरील मेणचट लेप बाकीचे पाणी राखून धरतो. कात टाकताना जुने कवच उकलते ते शरीरातील द्रवाच्या दाबाने, आणि हा द्रव पुरतो तो मुख्यतः प्यालेल्या पाण्यातून व भक्ष्याच्या रसातून. अर्कान्सा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेअर्ग यांनी कित्येक वर्षे टॅरंटुला बाळगून त्यांची जी नोंद ठेवली, आणि जिचा सारांश 1958 च्या त्यांच्या ग्रंथात आला, तीत केवळ पाण्यावर दोन वर्षांहून अधिक काळ जगलेल्या कोळ्याचा दाखला आहे.

असे असता, टॅरंटुला पाळण्याचा छंद 1970 नंतर फैलावला तेव्हा पालकांनी कित्ता गिरवला तो वॉर्ड यांचा, फाब्र यांचा नव्हे. बंद काच, सतत शिंपडलेले पाणी, आर्द्रतामापकाचा काटा आणि प्रत्येक जातीपुढे टक्क्यांचा एक आकडा, असा दस्तुर पडला. वास्तविक हवेची आर्द्रता उष्णमानाबरोबर पालटते, आणि भिंतीवर चिकटवलेला काटा बिळाच्या तळाची हवा सांगत नाही. शिवाय कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशी धरते, किडे-चिचडे माजतात. या दस्तुराविरुद्ध ठामपणे लिहिणाऱ्यांत कॅनडातील स्टॅन्ली आणि मार्गरीट शुल्झ या दांपत्याचे नाव अग्रभागी आहे. रुक्ष प्रदेशातील जातींना कोरडी माती व पाण्याची वाटी एवढेच पुरे, हा त्यांचा आग्रह हळूहळू मान्यता पावला.

एका आकड्याचा अपुरेपणा आपल्या देशातील जातींवरून चांगलाच ध्यानी येतो. रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 मध्ये वर्णिलेला पोइसिलोथेरिया रेगॅलिस हा सह्याद्रीतही आढळणारा, झाडांच्या ढोलीत राहणारा टॅरंटुला आज परदेशी पालकांच्या पेट्यांत पिढ्यान्‌पिढ्या पैदा होतो. ज्याचे चार महिने मुसळधार पावसाचे आणि उरलेले बहुतांश कोरडे, त्याचे सारे वर्ष कोणत्या एका टक्केवारीत बसवावे? पावसाळ्यात ढोलीबाहेर पाणी कोसळत असते, वैशाखात झाडाची साल तापून कोरडी ठणठणीत होते. कोळी मात्र ढोलीच्या आत आपल्याला सोसेल ती जागा निवडतो.

म्हणून आजचा जाणता पालक पेटीच्या एका कोपऱ्यातून पाणी तळाच्या थरात मुरवतो, वरची माती सुकू देतो, समोरासमोरच्या भिंतींना हवेची भोके ठेवतो, पाण्याची वाटी कधी रिती पडू देत नाही, आणि कोळी ओल्या बाजूस जातो की कोरड्या, यावरून पुढचे पाणी ठरवतो. पालकाने एकच ओलावा लादण्यापेक्षा कोळ्याला ओल्या-कोरड्याची निवड करू द्यावी, हा विवेक ज्याला साधला, त्याने या प्राण्याला केवळ कोंडले नाही, तर खऱ्या अर्थाने आश्रय दिला, असे मी निःसंकोच म्हणेन.