१४. मिल्टनचे फोर्ब्जचे घर

बॉस्टनजवळच्या मिल्टन गावातील टेकडीवरचे हे घर कप्तान रॉबर्ट बेनेट फोर्ब्ज (१८०४–१८८९) आणि त्याचा भाऊ जॉन यांनी १८३३ साली आपल्या विधवा आईसाठी बांधले. आता तेथे संग्रहालय आहे. रॉबर्ट पुढे चीनशी व्यापार करणाऱ्या रसेल आणि कंपनीचा भागीदार झाला. पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या अफूच्या कोठार-जहाजाचा कारभार काही काळ त्याच्याकडे होता. ही टीप ज्या मजकुरावर आहे, त्यातला लेखकाचा ‘अफूचा पैसा’ हा शेरा त्याला धरून आहे. याच माणसाने १८४७ मध्ये ‘जेम्सटाउन’ या युद्धनौकेतून दुष्काळग्रस्त आयर्लंडला धान्य पोहोचवले, ते मात्र लेखक गाळतो. मुंबईच्या फोर्ब्ज कंपनीचा संस्थापक जॉन फोर्ब्ज निराळा. नामसाम्याने घोटाळा करू नये.