गोठ्यातली ‘काऊ’, ताटातले ‘बीफ’

इंग्रजीच्या शालेय व्याकरणात ‘काऊ’ हे सामान्यनाम, तर ‘बीफ’ हे पदार्थवाचक नाम. पहिले मोजता येते, दुसरे तोलावे लागते. ‘शीप’ आणि ‘मटन’, ‘पिग’ आणि ‘पोर्क’ या जोड्यांतही हीच विभागणी. प्राणी एकच असताना नामे दोन का, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबारात व सरदारांच्या गढ्यांत फ्रेंच भाषा आली. प्रजा इंग्रजीच बोलत राहिली. गुरे राखणाऱ्याच्या तोंडी ‘काऊ’, खाणाऱ्याच्या तोंडी फ्रेंच वळणाचे ‘बीफ’, असे स्पष्टीकरण त्यावरून रूढ झाले. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीत एक विदूषक डुकरे राखणाऱ्याला नेमके हेच समजावतो.

मात्र ही मांडणी जरा जास्तच सुबक आहे. कित्येक शतके इंग्रजीत जिवंत बैलालाही ‘बीफ’ म्हणत. ‘बीव्ह्ज’ हे त्याचे अनेकवचन याची साक्ष देते, कारण पदार्थवाचक नामाला सहसा अनेकवचन नसते. गोठा आणि ताट यांमधील रेघ जेत्यांनी एका दिवसात आखली नाही. ती हळूहळू ठळक होत गेली. ‘लँब’ला तर ती लागलीच नाही. कोकरू ‘लँब’ आणि त्याचे मांसही ‘लँब’. मांस म्हणताना आधीचे ‘अ’ हे उपपद तेवढे गळते. (गंमत अशी, की ‘काऊ’, ‘बीफ’ आणि संस्कृत ‘गो’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन मूळापासून निघालेले आहेत.)

गोठ्यापेक्षा रानातील शब्द अधिक बोलके. जुन्या इंग्रजीत ‘डिओर’ म्हणजे कोणताही पशू. पुढे ‘डिअर’ हे नाम हरणापुरते आकसले. संस्कृतातील ‘मृग’ शब्दाचा प्रवासही असाच आहे, म्हणून तर ‘मृगेंद्र’ म्हणजे सिंह. अनेकवचनात ‘डिअर’ बदलत नाही, तो जुन्या इंग्रजीतील नपुंसकलिंगी नामांच्या एका वर्गाचा अवशेष.

समूहवाचक नामांची जी यादी आज मुले पाठ करतात, तिच्यातील बरीच नावे उमरावांच्या शिकारीतून आली. १४८६ मध्ये छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’ या ग्रंथात शिकार, ससाणे आणि कुलचिन्हे यांच्या माहितीसोबत कळपांची नावे दिली आहेत. ‘प्राइड ऑफ लायन्स’ तेथेच आढळते. ‘प्राइड’ म्हणजे गर्व, हे भाववाचक नाम तेथे समूहवाचक झाले. त्याच यादीत ख्रिस्ती मठवासिनींच्या समूहासाठी ‘अतिरेक’ अशा अर्थाचे नाम आहे, यावरून तिच्यात थट्टा किती होती हे कळते. सिंहांचे नाव शालेय पुस्तकांत गेले, मठवासिनींचे मागेच राहिले.