‘अग्निरोधक’ हॉटेलातील एकच जिना

हॉटेल म्हटले की आपल्याकडे चहा-भजी डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र प्रवाशाने रात्री पाठ टेकावयाचे ठिकाण, असा अर्थ घ्यावा. घरच्या जिन्याच्या पायऱ्या माणसाला अंधारातही ठाऊक असतात. हॉटेलात तो परका. भाड्याबरोबर त्याने आपला जीवही मालकाच्या हवाली केलेला असतो. या विश्वासाचे काय होते, ते अमेरिकेतील अटलांटा शहरात एका रात्रीत दिसून आले.

तेथील वाइनकॉफ हॉटेल १९१३ साली उघडले. पंधरा मजले, पोलादी सांगाडा, आणि इमारत पूर्णपणे अग्निरोधक असल्याची जाहिरात. ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे तेथे आग लागली आणि ११९ माणसे प्राणास मुकली. ज्यांनी हे हॉटेल उभारले, ते वाइनकॉफ पतिपत्नीही त्यांत होते.

श्रोतेहो, एका अर्थाने ती जाहिरात खोटी नव्हती. सांगाडा उभाच राहिला. त्याच इमारतीत पुढे पुन्हा हॉटेल सुरू झाले. जळाली ती लाकडी दारे, भिंतींवरचे कापड, गालिचे, बिछाने, आणि माणसे. ‘अग्निरोधक’ हे विशेषण विटांचे होते. आत झोपलेल्यांचे नव्हते.

मग चूक कोठे होती? एवढ्या उंच इमारतीला जिना एकच, तोही दारांनी न मिटलेला. धूर व ज्वाळा त्यातून धुराड्यातल्यासारख्या वर चढल्या. धोक्याची घंटा नाही, छतातून पाणी सोडणाऱ्या तोट्या नाहीत, बाहेरून उतरावयास शिडी नाही. जागा लहान म्हणून एक जिना पुरे, असे तेव्हाचे नियमच म्हणत होते! बंबवाल्यांच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचल्या नाहीत. लोकांनी चादरींना गाठी मारल्या. कित्येकांनी उड्या घेतल्या.

त्याच वर्षी ५ जून रोजी शिकागोच्या ला साल हॉटेलात ६१ जण दगावले होते. तेथील टेलिफोन ऑपरेटर ज्युलिया बेरी ही बाई फोनवरून पाहुण्यांना जागे करीत जागेवरच बसून राहिली आणि तेथेच मेली. हॉटेलांचा इतिहास मालकांच्या नावांनी लिहिला जातो. आम्ही तो या बाईच्या नावाने वाचतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. छतातील आपोआप उघडणाऱ्या तोट्या हा काही १९४६ नंतरचा शोध नव्हे. हेन्री पार्मली याने १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी तशी तोटी केली. पुढे ग्रिनेलने ती सुधारली, आणि न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत ती सर्रास बसली. कापूस जळाला तर विमा कंपनीला पैसे मोजावे लागत. कापसाला जे संरक्षण मिळाले होते, ते माणसाला मिळावयास प्रेतांच्या रांगा लागाव्या लागल्या. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एम.जी.एम. ग्रँडमध्ये ८५ जण मेले. तिथेही इमारतीच्या बहुतांश भागात या तोट्या नव्हत्या.

हे परदेशचे झाले, म्हणून आपण सुटलो नाही. मुंबईच्या कमला मिलच्या आवारात, जेथे एके काळी साचे चालत, २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. आपला आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा. म्हणजे तेव्हा कायदा नव्हता असे नाही. व्यवस्था ठीक असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत द्यावा, असेही त्यात आहे.

पण कागद जिना मोकळा करीत नाही. आम्ही एका हॉटेलाच्या कामगारांना भेटावयास मागच्या जिन्याने गेलो, तो पायऱ्यांवर कांद्याची पोती. पोऱ्या म्हणाला, “साहेब, तपासणीच्या दिवशी हलवतो.” त्या पोराला जिन्याची खरी स्थिती ठाऊक होती, त्याला विचारणारे मात्र कोणी नव्हते. जो रात्रपाळीला जागतो, त्याला आगीची तालीम द्यावी आणि पोती हलविण्याचा अधिकारही द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

आणि आपणही परगावी उतराल तेव्हा खोलीचे भाडे विचारण्याआधी एकच विचारा: दुसरा जिना कोठे आहे?